चुंबकाला न कळणारं शिसं

चि. निखिल यास,


तुझ्या आईनं फोनवर दोन बातम्या एका दमात सांगितल्या. शूटिंग रेंजवाल्यांनी तुझी काडतुसं परत केली म्हणून तू तिथं हुज्जत घातलीस, ही एक. आणि बाळाच्या रक्तात शिसं डेसिलीटरला साडेतीन मायक्रोग्रॅमच्या वर निघालं, ही दुसरी. वहिनींच्या लेखी यांचा एकमेकींशी संबंध नाही. मला मात्र तो दिसतो आणि म्हणूनच लिहायला बसलो.

रेंजवरचा माणूस काडतुसाला चुंबक लावतो आणि चिकटलं की बाजूला काढतो, याचा तुला राग. गोळी तर तांब्याची दिसते, म्हणतोस. अरे, स्वस्त काडतुसांत गोळीचं कवच पोलादी असतं, वर तांब्याचा नुसता मुलामा. हिरव्या टोकाच्या एम 855 मध्ये तर शिशाच्या पुढं पोलादाचा तुकडाच बसवलेला असतो. अशी गोळी समोरच्या पोलादी ट्रॅपवर आदळली की पत्र्याला खळगे पडतात, ठिणग्या उडतात. बंदिस्त रेंजमध्ये न जळलेली दारू जमिनीवर साठत जाते. तिला ठिणगी मिळाली की काय होईल हे तुला सांगायला नको. बंदी रास्त आहे आणि हुज्जत घालणं तुला शोभलं नाही. पुढं तू शिशाच्या गाभ्याची, तांब्याच्या कवचाची गोळी घेतलीस, चुंबक गप्प राहिलं आणि तुला वाटलं प्रश्न मिटला. चुंबकाला शिसं कळत नाही, निखिल. तो नियम भिंतीसाठी आणि आगीसाठी आहे. तुझ्या छातीत काय जातं आणि रांगणाऱ्या पोरीपर्यंत काय पोचतं, याची चौकशी तिथं कोणी करत नाही. ती तुलाच करायला हवी.

कवचामुळं शिसं झाकलं जातं, हा तुझा मुद्दा अर्धाच खरा. नेहमीच्या कवचाची गोळी बुडाशी उघडी असते आणि दारूचा तप्त वायू नेमका तिथंच लागतो. त्याहून वाईट म्हणजे प्रायमर, दारू पेटवणारी टोपी. बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि प्रत्येक बाराबरोबर त्याची बारीक धूळ तुझ्या तोंडासमोर उडते. पॉइंट टू टूची गोळी तर बहुधा उघड्या शिशाचीच. हवा खेळती आहे म्हणशील. चांगल्या रेंजमध्ये ती नेमबाजाच्या पाठीमागून लक्ष्याकडं, मिनिटाला सुमारे 75 फुटांच्या वेगानं वाहायला हवी. पुढच्या खेपेला बार झाल्यावर धुराकडं बघ: तो पुढं जातो की तुझ्या नाकाशी घुटमळतो? शिवाय अमेरिकेतली हवेतल्या शिशाची मर्यादा, घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम, ही 1978 सालची आणि तिथं नोकरी करणाऱ्यांसाठी आहे. फी भरून येणारा तू त्या हिशेबात नाहीस.

तू म्हणतोस, घर जुनं आहे, दोष भिंतींच्या रंगाचा असेल. असेलही; 1978 पूर्वीच्या घरात तो तपासून घ्यायलाच हवा. पण रंगातलं शिसं आणि तुझ्या बुटांवरून आलेलं शिसं बाळाच्या अंगात एकाच हिशेबात जमा होतं. साडेतीन हा आकडाही सुरक्षिततेची हद्द समजू नकोस. इतर मुलांच्या तुलनेत कोणाकडं आधी लक्ष द्यायचं, एवढ्यापुरता तो आहे. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत ठेवून घेतं आणि तिथं ते वर्षानुवर्षं राहतं. म्हणून 'आठवड्यातून एकदाच तर जातो' हे मला पटत नाही.

आता पर्याय. खोक्यावर दोन गोष्टी वाच: गोळी शिशाविरहित आहे का आणि प्रायमरही तसंच आहे का. एकच असून भागत नाही. तांब्याच्या भुकटीची, आदळताच चुरा होणारी गोळी यासाठीच असते. वजनानं हलकी म्हणून नेम थोडा सरकेल, तो पुन्हा बसवून घ्यावा लागेल. महाग पडते, हे कबूल. मग बार निम्मे कर आणि उरलेल्या वेळात रिकाम्या रायफलीवर ड्राय प्रॅक्टिस कर; ट्रिगरवरचं बोट तिथंच सुधारतं. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये तर प्रायमरच नसतं आणि तिला कथलाचे पेलेट मिळतात. आंतरराष्ट्रीय नियमही 'शिसं किंवा तत्सम मऊ पदार्थ' एवढंच मागतो. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसचं कांस्यपदक शिशाच्याच गोळीवर मिळवलं, असं म्हणून मला गप्प करू नकोस. 50 मीटरची रेंज बहुतांशी उघड्या आभाळाखाली असते, तुझी तळघरात आहे.

लागेल असं बोललो. पण खरं सांगू, आमच्या पिढीनं शिशाचा संशयच घेतला नाही. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे आणि त्याच हातानं भजी खायची. पेट्रोलमधलं शिसं देशभरातून गेलं 2000 साली. तोवर तुम्हा पोरांना स्कूटरवर पुढं उभं करून आम्ही त्याच धुरातून मिरवलं. काय काय तुमच्या अंगात गेलं असेल, याचा विचार आता रात्री येतो. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. तुला सांगणारं आहे, एवढाच फरक.

रायफल विकून टाक असं मी म्हणणार नाही. परदेशात एकट्यानं जपलेला तुझा तो एक छंद आहे आणि तो मला आवडतो. फक्त रेंजवरून आलास की बूट दाराबाहेर काढ, कपडे वेगळे धू आणि अंघोळ झाल्याशिवाय पोरीला उचलू नकोस, ती कितीही हात पुढं करो. साध्या साबणानं शिसं पुरतं जात नाही, त्यासाठीची वेगळी पुसणी मिळतात, ती बॅगेत ठेव. तिच्या खाण्यात लोह आणि कॅल्शियम भरपूर असू दे. वहिनी नाचणीचं सत्त्व पाठवतायत, डॉक्टरांना विचारून दे. पोरीच्या आईला, मुक्ताला, माझ्या नावानं घाबरवू नकोस, ती आधीच धास्तावली असेल. तिला म्हणावं, पोर ठणठणीत होईल. पुढच्या तपासणीचा आकडा आला की लगेच फोन कर. इथं मध्यरात्र असली तरी कर, मला हल्ली झोप उशिराच लागते.

तुझा,
काका