घरच्या पाकळीतून लसूण : आधी बियाणं, मग फोडणी



"घरून लसणाच्या चार-चार पाकळ्या आणा, कुंडीत लावायच्या आहेत," असं वर्गात सांगितलं की दुसऱ्या दिवशी काय येतं, हे तुम्हालाही माहीत असेल. कागदाच्या पुडीत बारीक, सुरकुतलेल्या, गड्ड्याच्या अगदी आतल्या पाकळ्या! यात आईला दोष देण्यासारखं काही नाही. मोठी पाकळी पटकन सोलली जाते म्हणून ती फोडणीत जाते. जी सोलायला जीव नको होतो, ती शाळेत येते. शिवाय २०२४ साली किरकोळ बाजारात लसूण किलोला ४०० रुपयांपर्यंत गेला होता. ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते, तिथे चांगली पाकळी मातीत घाला म्हणणं सोपं नाही.

तरीही म्हणावं लागतं, कारण लसणाचा हिशोब सरळ आहे : मोठी पाकळी लावली तर मोठा गड्डा, बारीक लावली तर बारीक. कधीकधी तर बारीक पाकळीपासून पाकळ्याच न पडलेली एकच गोल गाठ मिळते.

असं का, हे मुलांना फळ्यावर सांगण्यापेक्षा कापून दाखवा. एक जाड पाकळी उभी चिरा. मधोमध पिवळसर-हिरवा कोंब दिसेल आणि त्याच्याभोवती पांढरा जाड गर. तो गर म्हणजे अन्न साठवलेलं एक पान आहे. मुळं धरून पात वर येईपर्यंत कोंबाला हीच शिदोरी पुरवायची असते. शिदोरी मोठी असली की रोप सुरुवातीलाच जोमदार होतं. (चिरताना वास का येतो आणि अख्ख्या पाकळीला का येत नाही, हेही विचारून घ्या. आत वेगवेगळे असलेले दोन पदार्थ चिरल्यावर एकत्र येतात, तेव्हा तो उग्र वास तयार होतो.)

मग हमखास प्रश्न येतो, "बाई, लसणाचं बी कुठंय?" फार चांगला प्रश्न आहे, घाईत उडवून लावू नका. आपल्याकडे लसूण बियांपासून लावत नाहीत, पाकळीच लावतात. पाकळी म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. त्यामुळे मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरतात आणि त्याचे रोगही. पानांवर पिवळे पट्टे असलेलं खुरटं रोप असेल, तर त्यातला विषाणू पाकळीतून पुढच्या वर्षी येतो. म्हणूनच बियाणं निवडायचं ते पीक उभं असतानाच. सगळ्यात निरोगी, भरदार रोपांना दोरा बांधून ठेवायचा. ते गड्डे खायचे नाहीत.

आता पहिल्या वर्षाचं बियाणं. दुकानातला कुठलाही लसूण चालेल असं नाही. डोंगराळ, थंड भागातले मोठ्या पाकळ्यांचे वाण आपल्या पठारावर नुसती पात देतात, गड्डा धरत नाहीत. आठवडी बाजारात शेतकऱ्याकडून गावरान लसूण घ्या, किंवा मिळाले तर राहुरी विद्यापीठाचे गोदावरी, श्वेता, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे भीमा ओंकार, भीमा पर्पल हे वाण घ्या. फ्रिजमध्ये ठेवलेला नको.

घरात भांडण नको असेल तर एका गड्ड्याची अशी वाटणी करा. वीसेक पाकळ्या असतील, तर बाहेरच्या कड्यातल्या आठ कुंडीला आणि मधल्या स्वयंपाकाला. उरलेल्या अगदी बारीक पाकळ्या वेगळ्या पसरट डब्यात दाटीवाटीने लावून टाका. त्यांची पात चटणीला कापायची. ज्या कुंडीतून गड्डा हवा, तिची पात मात्र कापायची नाही. झाड पानांत अन्न बनवतं आणि गड्ड्यात साठवतं, त्यामुळे पात कापली की गड्डा लहान राहतो. आपल्याकडे नेमका इथेच मोह होतो.

लावायची वेळ ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. शाळेत लावणार असाल तर दिवाळीची सुट्टी संपल्या-संपल्या लावा, नाहीतर सुट्टीत पाणी घालायला कोणी नसतं. फुटभर रुंदीची कुंडी किंवा रंगाची जुनी बादली घ्या, बुडाला भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. काळी चिकट माती असेल तर थोडी वाळू घाला. पाकळ्या त्याच दिवशी सुट्या करा, साल काढू नका. चपटं बूड खाली, टोक वर, बोटाच्या एका पेराएवढं खोल, दोन पाकळ्यांत चार-पाच बोटांचं अंतर. एक मुद्दाम उलटी लावू द्या, कोंब वळसा घेऊन वर कसा येतो ते मुलांना बघू द्या. आठवड्या-दहा दिवसांत पात दिसते.

पाणी बोट घालून बघूनच द्या, रोज नको. जानेवारीनंतर खत घालू नका, नुसती पात माजते. थंडीत पात वाढते आणि दिवस मोठा होऊन ऊन तापायला लागलं की गड्डा फुगतो. पानांवर चंदेरी-पांढरे ठिपके दिसले तर फुलकिडे असतात, पाण्याच्या फवाऱ्याने पानं धुवून काढा.

लावल्यापासून साधारण १२० ते १३० दिवसांनी पात पिवळी पडते, मान मऊ होऊन लवते. त्याआधी दोन आठवडे पाणी तोडा. गड्डे उपटल्यावर धुऊ नका. पातीसकट सावलीत आठ-दहा दिवस सुकवा. मग मुलांना वजन करू द्या : एका पाकळीचं लावताना किती होतं, गड्ड्याचं आता किती. ही आकडेवारी वहीत नोव्हेंबरपासून लिहिलेली हवी, नाहीतर मार्चमध्ये सगळे अंदाजच सांगतात. एका कुंडीने घरचं वर्ष निघणार नाही, हेही मुलांना खरं खरं सांगा.

दोरा बांधलेल्यांपैकी दोन गड्डे पातीची वेणी घालून वाऱ्याच्या जागी टांगा. चूल असलेल्या घरी चुलीवरच्या वाशाला टांगतात, तेही उत्तम. प्लास्टिकच्या डब्यात कोंडू नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा हातात घेऊन हलकेच दाबून बघा. पोकळ किंवा मऊ लागला तर बाजूला काढा, कोंब डोकावत असेल तर भाजीत घाला. त्याच्या जागी दुसरा घट्ट गड्डा त्याच खिळ्याला टांगा.