आगबोटीपासून क्रूझपर्यंत : प्रवाशाने काय जाणावे?

(द्वितीय वर्ष, कला)

पेण आणि रोहे ही दोन्ही गावे नकाशात समुद्रापासून जरा आत दिसतात. तरीही खाडीने ती समुद्राशी बांधलेली आहेत. पेणची भोगावती पुढे धरमतरच्या खाडीला मिळते, तर रोह्याची कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्रात उतरते. आज मुंबईला जायचे म्हणजे एस. टी. नाहीतर रेल्वे, असे आपण धरूनच चालतो. पण रस्ते आणि रूळ येण्यापूर्वी आपल्या भागाचा मुंबईशी राबता पाण्यावरूनच होता. पेणजवळचे अंतोरे बंदर, नागोठणे, धरमतर, रोहे-अष्टमी येथून भात आणि मीठ गलबतांत भरून मुंबईला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी मुंबई आणि धरमतर यांच्यामध्ये धावू लागल्या आणि साधा माणूसही आगबोटीचा प्रवासी झाला. तेव्हा हा प्रवास कोणी हौसेने करीत नसे. तो गरजेचा होता.

आता काळ उलटला आहे. गरजेचा जलप्रवास कमी झाला आणि हौसेचा वाढला. मुंबईहून गोव्याकडे 'कोकण शक्ती', 'कोकण सेवक' अशा बोटी जात, त्या १९८० च्या दशकाअखेर बंद पडल्या. मग बऱ्याच वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, कान्होजी आंग्रे यांची आठवण सांगणारी 'आंग्रिया' ही क्रूझ मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली. ती पुढे थांबली. परंतु २०२१ पासून 'कॉर्डेलिया'ची मोठी क्रूझ मुंबईहून निघू लागली. लग्नाचा वाढदिवस, सेवानिवृत्ती, शाळेतल्या मित्रांचे संमेलन अशा निमित्ताने आपल्याकडची कुटुंबेही क्रूझची चौकशी करू लागली आहेत. अशा वेळी जलप्रवासाची थोडी जाण प्रत्येकाला हवी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

मी स्वतः क्रूझवर गेलेली नाही, हे आधीच सांगते. माझे वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्या पेणच्या मूर्ती पेंढ्यात बांधून समुद्रमार्गे परदेशी जातात. आमच्या घरातली माणसे मात्र पुष्कळ वर्षे रेवसपर्यंतसुद्धा बोटीने गेली नाहीत. त्याचे कारण पुढे येईलच. माझ्या माहितीचे आधार तीन आहेत. पहिला, रोहे तालुक्यातला माझा मावसभाऊ. तो परदेशी क्रूझवर मुदपाकखान्यात कामाला आहे आणि सुट्टीवर आला की तिकडच्या गोष्टी सांगतो. दुसरा, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने आणि रो-रो बोटीने मी केलेला प्रवास. तिसरा, माझी आजी.

'रामदास'ने शिकवलेला धडा

१७ जुलै १९४७. अमावास्येचा सुमार होता. मुंबईत गिरणीत आणि गोदीत काम करणारी माणसे सणासाठी गावाकडे निघाली होती. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनी तिला गाठले. पाणी आत येताच घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, बोट कलली आणि थोड्याच वेळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. त्यामुळे वाचलेली माणसे किनाऱ्याला लागेपर्यंत कित्येक तास मुंबईला या घटनेची वार्ताच नव्हती. त्याआधी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. म्हणजे आपल्या किनाऱ्याला हा धडा दुसऱ्यांदा मिळाला.

'रामदास'वर माझ्या आजीचे चुलते होते. ते गिरणीत कामाला होते आणि रेवसला उतरून होडीने खाडीतून गावी येणार होते. आजीचा जन्म त्यानंतरचा. तिने चुलत्यांना पाहिलेही नाही. पण ज्या घरात ती वाढली, त्या घरात बोटीचे नाव काढायची चोरी होती. ती चोरी आजीबरोबर आमच्या घरात आली.

मोठ्या जहाजांनाही असेच धडे मिळाले. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा तिच्यावर दोन हजार दोनशेच्या वर माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा होती ११७८ जणांची. त्यातून १९१४ मध्ये समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही क्रूझ खडकावर आदळली आणि ३२ जणांचा अंत झाला. त्याच संध्याकाळी बोटीवर चढलेल्या प्रवाशांची सुरक्षेची कवायत तोवर झालीच नव्हती. म्हणून १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेण्याचा नियम आला. आपल्याकडे १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जणांचे प्राण गेले. त्यानंतर गेटवेच्या प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. समुद्रावरचा जवळजवळ प्रत्येक नियम असा कोणाच्या तरी मरणातून आलेला आहे. म्हणून तो कंटाळवाणा वाटला तरी पाळावा.

भरती, उधाण आणि बोट लागणे

पाण्यावर जायचे तर प्रथम पाण्याचे वेळापत्रक कळले पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीला तीनने गुणावे आणि चारने भागावे. येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी. हिशेब ढोबळ आहे, पण घरातल्या दिनदर्शिकेवर करता येतो. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. ओहोटीला रेवसच्या धक्क्याशी गाळामुळे पाणी कमी पडते आणि लाँचचे वेळापत्रक बदलते. त्यामुळे रेवसला जाणाऱ्याने घड्याळाइतकेच तिथीकडे पाहावे.

दुसरी गोष्ट बोट लागण्याची. आपल्याकडे गाडी लागते तशी बोट लागते. कारण असे की डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, पण आतल्या कानाला मात्र हेलकावे जाणवत असतात. दोघांच्या साक्षी जुळत नाहीत आणि मेंदू गोंधळतो. म्हणून बोट लागू लागली की वाचन आणि मोबाइल बंद करावा, मोकळ्या हवेत यावे आणि दूर क्षितिजाकडे पाहावे. बोटीच्या नाळेला हेलकावे सर्वांत जास्त बसतात, मध्यभागी सर्वांत कमी. म्हणून जागा मध्यावर धरावी. उपाशी बसू नये आणि ठासून जेवूही नये. आल्याची वडी पुष्कळांना उपयोगी पडते. औषध घ्यायचे असेल तर ते डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याआधी घ्यावे; उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

क्रूझवर जाणाऱ्यांसाठी

पुढच्या सूचना मावसभावाने सांगितलेल्या आहेत. मी त्या फक्त क्रमाने मांडते.

एक : तिकिटाच्या किमतीत काय येते आणि काय येत नाही, ते आधी लिहून घ्यावे. बंदराचे शुल्क, कर, पेये, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली हे पुष्कळदा वेगळे असते. बोटीवर रोख पैसे फारसे चालत नाहीत, सारा खर्च खात्यावर चढतो. त्यामुळे शेवटच्या दिवशीचे बिल पाहून माणसे चकित होतात. रोज संध्याकाळी आपला हिशेब पाहावा.

दोन : खोली शक्यतो मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. ती स्वस्तही पडते आणि तिथे बोट कमी लागते. वरच्या मजल्यावर देखावा चांगला असतो, पण हेलकावाही मोठा असतो.

तीन : औषधे, ओळखपत्र, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवावे. मोठे सामान खोलीत पोचायला काही तास लागतात. परदेशी बंदर असेल तर पारपत्र आणि व्हिसा आधीच तपासावा. कपड्यांची इस्त्री आणि मेणबत्त्या नेऊ नयेत. आगीच्या भीतीने त्या काढून घेतात. भर समुद्रात आगीसारखा शत्रू नाही.

चार : जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. हजारो माणसे एकाच ठिकाणी जेवतात, त्यामुळे उलट्या-जुलाबाची साथ फार लवकर पसरते.

पाच : बंदरावर उतरताना परतीची वेळ बोटीच्या घड्याळाप्रमाणे लिहून घ्यावी. एस. टी.चा कंडक्टर ओळखीचा असेल तर दोन मिनिटे थांबतो. जहाज थांबत नाही.

सहा : सुरक्षेच्या कवायतीला जावेच. मावसभाऊ म्हणतो, "पहिल्या दिवशी प्रवासी आम्हांला जेवणाची वेळ दहा वेळा विचारतात. आपलं जॅकेट कुठं आहे, हे क्वचितच कोणी विचारतो."

सात : ही सूचना त्याने दिलेली नाही, मी त्याच्या बोलण्यातून घेतली आहे. त्याचा करार आठ-नऊ महिन्यांचा असतो आणि त्यात आठवड्याची सुट्टी नसते. आपण ज्याला सहल म्हणतो ती त्याची पाळी असते. म्हणून खोली झाडणाऱ्याला आणि ताट उचलणाऱ्याला नावाने हाक मारावी, ताटात लागेल तेवढेच घ्यावे.

रोह्याकडच्या मित्रमैत्रिणींना यातले काही नवे वाटणार नाही. कोलाडला कुंडलिकेच्या पात्रात राफ्टिंग चालते. वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर तो खेळ अवलंबून असतो. तिथे आधी जॅकेटचे पट्टे आवळून घेतात, सूचना देतात आणि मगच तराफा पाण्यात सोडतात. नदीवर जो नियम तोच समुद्रावर.

आजीचे तीन प्रश्न

गेल्या माघात माझगावला नात्यातले लग्न होते. परत येताना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने यावे, असे माझ्या मनात आले. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात मोटारीही चढतात आणि तासाभरात मांडवा येतो. आजी नको म्हणाली. मी तिला "काही होत नाही गं" असे म्हटले नाही. चुलत्यांनाही कोणीतरी तसेच म्हटले असेल. मी तिला एवढेच विचारले, "तुला काय कळलं म्हणजे तू बसशील?"

आजीने जरा विचार केला आणि तीन गोष्टी विचारल्या. माणसे किती घेतात आणि ती मोजतात का? बुडायची वेळ आली तर अंगाला बांधायचे काय आहे आणि ते कुठे आहे? हवा फिरली तर बोट थांबवतात का?

मी तिला धक्क्यावर नेले. तिकिटे मोजून देतात हे तिने पाहिले. एका खलाशाला मी जॅकेटची जागा विचारली. त्याने ती आम्हांला नेऊन दाखवली आणि आजीच्या गळ्यात एक घालून पट्टाही बांधून दाखवला. हवा खराब झाली तर फेरी रद्द होते, हेही त्याने सांगितले. आजी म्हणाली, "मग चल." ती मधल्या बाकावर बसली. अर्ध्या वाटेत तिने विचारले, "काशाचा खडक कुठल्या अंगाला?" मी खलाशाला विचारून दिशा दाखवली. तिने तिकडे पाहून हात जोडले आणि मांडवा येईपर्यंत ती काही बोलली नाही.

त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले. शाळा न पाहिलेल्या माझ्या आजीने जे तीन प्रश्न विचारले, त्यांत सुरक्षेच्या नियमांचे सार आले. माणसांची मोजदाद, बचावाचे साधन आणि हवामानापुढे माघार. 'टायटॅनिक'ला बचावाच्या साधनांनी दगा दिला, 'रामदास'ला हवामानाने. भीती घालवायला धीराचे चार शब्द पुरत नाहीत, माहिती लागते. उलट माहिती नसताना वाटणारे धाडस हेही एक प्रकारचे अज्ञानच.

वाचक मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या रेवसच्या लाँचमध्ये बसेल, कोणी एखाद्या बारा मजली क्रूझवर. तिकिटाची किंमत शंभरपट वेगळी असेल, पण खालचे पाणी एकच आहे. म्हणून तिकीट काढताना हे तीन प्रश्न विचारा. उत्तर नीट मिळाले नाही तर त्या फेरीला जाऊ नका. दुसरी फेरी असतेच. उत्तर नीट मिळाले तर मध्यावरची जागा धरा, जॅकेट कुठे आहे ते पाहून घ्या आणि मग निर्धास्तपणे समुद्र पाहा. तो पाहण्यासारखा आहे.