गाइड ठरवण्याआधी

वाचा-श्रवणाच्या क्षेत्रात पीएच.डी. करू पाहणाऱ्या मुलामुलींचे फोन मला दरवर्षी येतात. पेट परीक्षा, फेलोशिप, कोर्सवर्क असं सगळं विचारून होतं. गाइड कोण, असं मी विचारलं की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "ज्यांच्याकडे जागा असेल ते." मला काळजी वाटते ती इथेच, कारण मलाही गाइड असेच मिळाले होते.

आपल्याकडे वाचा आणि श्रवण ही दोन शास्त्रं बहुतेक ठिकाणी एकाच छपराखाली नांदतात. बीएएसएलपीला दोन्ही शिकायची, वाटा फुटतात त्या एम.एस्सी.ला. त्यामुळे पीएच.डी.ला भाषेचा विद्यार्थी श्रवणाच्या प्राध्यापकांकडे सहज जाऊन पडतो. मी रुग्णालयात स्ट्रोकनंतर वाचा गेलेल्या माणसांवर काम करत होते. मराठी माणसाला वाचाघात झाला की त्याच्या क्रियापदांचं काय होतं, हे मला शोधायचं होतं. सरांचं आयुष्य श्रवणयंत्रांवरच्या कामात गेलेलं. माणूस सज्जन, शिकवणं उत्तम, नाव मोठं.

इंग्रजी चाचणीचं मराठी भाषांतर वापरायचं ठरलं. चित्र दाखवायचं, रुग्णाने वाक्य सांगायचं, पुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. एक आजोबा बराच वेळ चित्राकडे बघून म्हणाले, "राजूने पोळी खाल्ला." राजू पोळी 'खातो', पण राजूने पोळी 'खाल्ली', भूतकाळात आपलं सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. इंग्रजीत हा प्रकारच नाही, म्हणून ही चूक टिपायला त्या कागदावर रकानाही नव्हता. सर म्हणाले, "अर्थ कळला ना? मग बरोबर धरा." माझा अख्खा प्रबंध त्या 'खाल्ला'मध्ये होता.

सरांच्या मनात खोट नव्हती. त्यांना तिथे प्रश्नच दिसत नव्हता, आणि गाइडला न दिसणारा प्रश्न आरएसीपुढे, म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढे, विद्यार्थ्याने एकट्याने लढवणं फार कठीण. दर सहामाहीला मी सादरीकरण करायची, समिती रुग्णसंख्या वाढवायला सांगायची, सर मान डोलवायचे. पुढे भाषाशास्त्राच्या एक मॅडम सहमार्गदर्शक म्हणून लाभल्या, चाचणी मुळापासून नव्याने बांधली, तेव्हा कुठे काम मार्गी लागलं. आधीचा बराचसा डेटा वाया गेला. त्यातले काही रुग्ण पुन्हा तपासण्याच्या अवस्थेत नव्हते, काही तर हयातच नव्हते. एकेका शब्दासाठी घाम गाळला होता त्या माणसांनी. याची खंत मला आजही आहे.

म्हणून प्रवेशाच्या आधीच त्या त्या प्राध्यापकांचं काम वाचा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा हे प्रबंधांचं भांडार सर्वांना मोफत खुलं आहे. गाइडच्या नावाने शोधून त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा आणि शीर्षकावर न थांबता पद्धतीचं प्रकरण वाचा. रुग्ण कुठून आणले, चाचणी स्वतः बांधली की उचलली, आवाजाचं विश्लेषण केलं असेल तर कशाने केलं, हे सगळं तिथे कळतं. तुमचा विषय मुलांची भाषा असेल आणि सगळे प्रबंध श्रवणालेखांचे निघाले, तर त्या मोठ्या नावाचा मोह सोडा.

नियमही माहीत हवेत. यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाला 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला 3 वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. पण पीएच.डी.ची मुदत 6 वर्षांपर्यंत जाते, तेव्हा चार वर्षांनी निवृत्त होणारे सर नियमात बसत असले तरी तुमच्या प्रबंधाच्या शेवटी ते मुख्य गाइड नसण्याचीच शक्यता जास्त. पुढे कोण, हे आधीच विचारून ठेवा. माझं मत विचाराल तर तुमच्याच विषयात राबणारा तरुण सहायक प्राध्यापक कितीतरी पटीने बरा.

मराठीवर काम करायचं असेल तर आणखी एक गोष्ट. मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था असो वा वांद्र्याची अली यावर जंग संस्था, गाइडला मराठी येत असेलच असं नाही. अशा वेळी मराठी व्याकरण जाणणारा सहमार्गदर्शक सिनॉप्सिसच्या वेळीच मागा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा जुना विभाग आहे, तिथल्या अभ्यासकांशी बोला. भेट मागताना लांबलचक बायोडेटा पाठवू नका. एका पानात तुमचा प्रश्न मांडा आणि त्यांच्या एखाद्या लेखातली तुम्हाला पडलेली शंका लिहा. उत्तरात त्या शंकेवर दोन ओळी आल्या तर तिथे नक्की जाऊन भेटा.

आणि माजी विद्यार्थ्यांना फोन कराच, मध्येच सोडून गेलेल्यांनाही. लिहून दिलेलं प्रकरण किती दिवसांनी परत येतं? पेपरवर पहिलं नाव कोणाचं जातं? समितीत वाद झाला तर गाइड बाजूने उभे राहतात का? एवढं विचारायला संकोच करू नका.

पदवी हातात पडलेल्या माझ्या सहकाऱ्यांना एकच विनंती आहे. असा फोन आला तर "सगळं छान आहे" म्हणून ठेवून देऊ नका. पंधरा मिनिटं काढा आणि जे घडलं ते त्या मुलाला खरं खरं सांगा.