पेन जवळ कसें बाळगावें ?



वरील मथळा वाचून तुमच्यापैकीं कित्येकांस हसूं येईल. पेन खिशाला लावावें, यांत शिकवण्यासारखें तें काय, असें तुम्ही म्हणाल. बॉलपेनापुरतें तें खरें आहे. तें कसेंही ठेवलें तरी फारसें बिघडत नाहीं. परंतु शाईच्या पेनाची, ज्याला आपल्या भाषेंत झरणी असें सुंदर नांव आहे त्याची, गोष्ट निराळी आहे. अक्षर वळणदार व्हावें म्हणून आपल्या शाळेंतील कांहीं मुलेंमुली अजूनही शाईचें पेन वापरतात. आणि आठवड्यांतून एकदां तरी कोणाच्या ना कोणाच्या शुभ्र सदऱ्यावर खिशाखालीं निळा डाग उमटलेला मला दिसतो. तो डाग धुवावयास मुलगा बसत नाहीं, त्याची आई बसते. म्हणून हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

प्रथम माझीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं जिंतूर तालुक्यांतील एका खेड्यांतून एक गृहस्थ आपल्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेण्यासाठीं माझ्याकडे आले. कापूस वेचणीचे दिवस होते. दिवसाची मजुरी सोडून ते आले होते. मुलीच्या जन्माचा मूळ दाखला त्यांनीं पिशवींत जपून आणला होता. मीं सकाळपासून खिशांत असलेलें पेन काढलें, निब खालीं करून टोपण उघडलें, आणि शाईचा एक टपोरा थेंब दाखल्यावर, नेमका जन्मतारखेच्या आंकड्यांवर, पडला. टिपकागद लावला, पण आंकडा गेला तो गेलाच. नव्या प्रतीसाठीं त्यांना दोन हेलपाटे घालावे लागले. मी त्यांच्याबरोबर कचेरींत गेलों, परंतु बुडालेले दिवस मला परत देतां आले नाहींत. मजुरी देऊं केली, ती त्यांनीं घेतली नाहीं. “राहूं द्या गुरुजी, तुम्ही कांहीं मुद्दाम केलें नाहीं,” एवढेंच ते बोलले. मुद्दाम केलें नव्हतें हें खरें. पण जें पेन मी रोज जवळ बाळगीत होतों तें कसें बाळगावें हें मला माहीत नव्हतें, आणि त्या अज्ञानाची किंमत दुसऱ्यानें दिली.

आतां पेन गळतें कां, हें पाहूं. पेनाच्या नळींत शाई असते आणि शाई जितकी कमी होईल तितकी तेथें हवा भरते. हवा तापली कीं फुगते, हें तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकलांच आहां. सकाळीं वर्गांत २५ अंश उष्णता आहे असें धरा. तें पेन छातीशीं खिशांत राहिलें कीं अंगाच्या उबेनें ३७ अंशांपर्यंत तापूं शकतें. एवढ्या फरकानें हवा सुमारें पंचविसाव्या भागानें फुगते. नळींत २ घन सेंटिमीटर हवा असेल, तर ती ०.०८ घन सेंटिमीटर जास्त जागा मागते. आणि तेवढी शाई निबेकडे ढकलली जाते. शाईचा एक थेंब साधारण ०.०५ घन सेंटिमीटरांचा धरला, तर हा हिशेब दीड थेंबाचा झाला. निबेखालची काळी खांचदार जीभ थोडी जादा शाई धरून ठेवते, परंतु तिलाही मर्यादा आहे. उलट पेन भरलेलें असून आंत हवा पाव घन सेंटिमीटरच असेल, तर बाहेर येणारी शाई ०.०१ घन सेंटिमीटर, म्हणजे थेंबाचा पांचवा भाग. यावरून पहिला नियम निघतो : अर्धें रिकामें पेन भरलेल्या पेनापेक्षां अधिक गळतें. माझें त्या दिवशींचें पेन जवळजवळ रिकामें होतें.

दुसरा नियमही यांतूनच निघतो. निब वर असेल तेव्हां शाई तळाशीं बसते व हवा निबेजवळ येते. मग हवा फुगली तरी ती एकटीच बाहेर पडते, शाईला ढकलीत नाहीं. निब खालीं असेल तर हवा वर कोंडते व शाईला पुढें लोटते. म्हणून पेन नेहमीं निब वर करून न्यावें, आणि टोपण उघडतांनाही निब वरच असावी.

याची प्रचीति घरीं घेतां येईल. अरुंद तोंडाची कांचेची रिकामी बाटली थोडा वेळ थंड पाण्यांत ठेवा. मग तिच्या तोंडावर ओलें नाणें बसवा आणि बाटलीला दोन्ही तळहात लावून धरा. थोड्याच वेळांत नाणें टकटक उडूं लागेल. हाताच्या उबेनें फुगलेली हवाच तें उचलते. तुमच्या खिशांत रोज हेंच घडत असतें.

उंचीचाही असाच परिणाम होतो. मुंबईहून आगगाडीनें परभणीकडे येतांना गाडी कसारा घाट चढून इगतपुरीस येते. समुद्रसपाटीपासून ही चढण सुमारें सहाशें मीटरांची आहे. तेवढ्या उंचीवर बाहेरचा हवेचा दाब शंभरांत सहा-सात भागांनीं कमी होतो व पेनांतील हवा त्या मानानें फुगते. विमानांत तर ही वाढ याच्या कितीतरी पट असते. म्हणून लांबच्या प्रवासास निघतांना पेन एकतर कांठोकांठ भरावें, नाहींतर धुऊन रिकामें करावें; अर्धवट ठेवूं नये.

ही अडचण आजची नाहीं. लिहिण्याचीं साधनें जवळ कशीं बाळगावीं, हा प्रश्न लिहिणाऱ्यांस फार जुन्या काळापासून पडलेला आहे. आपल्याकडे बोरूनें लिहीत, तेव्हां लेखणी व दौत ठेवण्यासाठीं कलमदान असे. लेखणिकांचें कलमदान कमरेच्या शेल्यांत खोवलेलें असे. पुढें टाक आणि दौत आली. शाळेच्या बांकाला दौत ठेवण्यासाठीं भोंक असे. सुकी शाई बरोबर नेण्याचीही सोय होती. मुंबईंत १९३१ सालीं दांडेकर बंधूंनीं ‘घोडा छाप’ शाईच्या पुड्या व गोळ्या करण्यास आरंभ केला. तोच धंदा पुढें कॅम्लिन या नांवानें घरोघर पोंचला आणि त्याची कॅमल शाई पेनांत भरली जाऊं लागली. पुडी किंवा गोळी खिशांत घालून कोठेंही न्यावी व जेथें लिहावयाचें तेथें पाण्यांत कालवावी. गळण्याचें भयच नाहीं !

शाई पोटांत घेऊन हिंडणारें पेन मात्र नवे प्रश्न घेऊन आलें. अमेरिकेंत लुई वॉटरमन यांनीं १८८४ सालीं आपल्या पेनाचें पेटंट घेतलें. शाई खालीं उतरत असतां तिच्या जागीं हवा वर जावी, अशा बारीक खांचा त्यांत होत्या. आरंभीं पेनांच्या टोपणांना क्लिप नसे. पेन खिशांत आडवें पडे, उलटें होई, वांकल्यास खालीं पडे. टोपणालाच क्लिप जडवलेलीं वॉटरमनचीं पेनें १९०५ सालीं निघालीं. कांहीं कारागिरांनीं निबच नळीच्या आंत ओढून घेण्याची युक्ति काढली, म्हणजे टोपण लावल्यावर पेन बाटलीसारखें बंद होई. ज्या स्त्रियांच्या पोषाखास खिसा नसे त्यांच्यासाठीं टोपणाच्या टोंकाला कडी असलेलीं लहान पेनें निघालीं. तीं फितीनें गळ्यांत अडकवीत. अशा रीतीनें पेनाच्या सुधारणेचा पुष्कळसा इतिहास हा तें जवळ कसें बाळगावें याचाच इतिहास आहे.

आतां तुमच्या नित्याच्या उपयोगाच्या गोष्टी सांगतों.

सदऱ्याचा खिसा. ही जागा उत्तम, कारण पेन उभें राहतें. परंतु क्लिप खिशाच्या कांठावर पक्की बसली पाहिजे. हापशावर पाणी भरतांना, वांकून बुटाचे बंद बांधतांना पेन निसटतें व निबेवर पडतें. निब वांकली कीं पेन गेलें. म्हणून वांकण्यापूर्वीं खिशावर हात ठेवण्याची संवय लावा. कबड्डी किंवा खोखो खेळण्यापूर्वीं पेन काढून ठेवा. पडतांना तें तुम्हांला किंवा सोबत्याला टोंचूं शकतें.

दप्तर. कंपासपेटींत पेन आडवें पडतें व कर्कटकाच्या टोंकानें ओरखडे येतात. त्याऐवजीं कापडी खोळ शिवा. जुन्या जाड कापडाची ३८ सेंटिमीटर लांब व ५ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. १६ सेंटिमीटरांवर दुमडा, दोन्ही बाजू शिवा. उरलेला ६ सेंटिमीटरांचा भाग झांकण म्हणून वर येईल. दोन पेनांसाठीं पट्टी ९ सेंटिमीटर रुंद घेऊन मधोमध एक शिवण घाला. ही खोळ दप्तराच्या कप्प्यांत उभी ठेवा. एखादा थेंब आलाच तर तो खोळ शोषून घेते, वही वांचते.

सायकल व एस. टी. रस्त्यावरील गचक्यांनीं शाई टोपणांत उडते. शाळेंत पोंचल्यावर पेन लगेच उघडूं नका. निब वर धरून क्षणभर थांबा, टोपण सावकाश काढा, निबेला व टोपणाच्या आंत जुनें फडकें लावा, मग लिहा. परीक्षेच्या दिवशीं हें विसरूं नका. आणि त्या दिवशीं दुसरें पेनही जवळ असूं द्या.

शाईची बाटली. ती दप्तरांत नेऊंच नये. नेणें भागच असेल तर फडक्यांत गुंडाळून घट्ट झांकणाच्या डब्यांत उभी ठेवावी. चित्रकलेची पक्की काळी शाई पेनांत कधींही भरूं नये; ती वाळली कीं पेन बुजतें. उन्हाळ्याच्या सुटींत पेन पडून राहणार असेल, तर तें साध्या पाण्यानें धुऊन कोरडें करून ठेवावें. आपल्याकडच्या उन्हांत शाई फार लवकर वाळते.

कपड्यावर डाग पडलाच तर चोळूं नका, चोळल्यानें तो पसरतो. टिपकागदानें शाई टिपा, लगेच थंड पाणी सोडा, मग साबण लावा. आणि हें काम, मुलांनो, आईवर टाकूं नका.

पालकांसही एक विनंति आहे. मुलांच्या सदऱ्याला खिसा असतो. मुलींच्या गणवेशाला पुष्कळदां नसतो. मग मुलीचें पेन दप्तराच्या तळाशीं पडतें, गळतें, हरवतें, आणि मुलगी वेंधळी आहे असें आपण म्हणतों. शिंप्याकडे गणवेश टाकतांना एक उभा खिसा मागून घ्या. त्याला वीतभर कापडही लागत नाहीं.

आपल्या मराठवाड्यांत खिशाला लावलेल्या पेनाला मोठा मान आहे. गांवोगांवच्या पुतळ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कोटाच्या खिशाला पेन दिसतें. ज्यांच्या वाडवडिलांना अक्षराला शिवूं दिलें गेलें नाहीं, त्यांना त्या पेनाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाहीं. पेन जवळ असणें म्हणजे आपलें नांव आपण लिहूं शकणें, अर्जांत काय लिहिलें आहे तें वाचूं शकणें, आणि ज्याला लिहितां येत नाहीं त्याच्यासाठीं लिहूं शकणें.

पवित्र शास्त्रांत यहेज्केलाच्या नवव्या अध्यायांत एक दृष्टांत आहे. नगरावर नाश येत असतां सहा पुरुष हातांत शस्त्रें घेऊन येतात; त्यांच्यांत एक जण तागाचीं वस्त्रें ल्यालेला असून त्याच्या कमरेला लेखकाची दऊत आहे. नगरांतील दुष्कृत्यांबद्दल जे उसासे टाकून शोक करीत आहेत त्यांच्या कपाळांवर चिन्ह कर, म्हणजे ते वांचतील, अशी त्याला आज्ञा होते. आणि शेवटीं तो परत येऊन सांगतो कीं, आज्ञेप्रमाणें केलें आहे. सहांच्या हातीं शस्त्र होतें, आणि दुःखितांना वांचवण्याचें काम मात्र दऊत बाळगणाऱ्याकडे आलें.

हा अध्याय वाचतांना मला तो दाखला आठवतो. मुलीचा अर्ज पुढें वेळेवर गेला, हें देवाचे उपकार. परंतु त्या दिवसापासून रोज सकाळीं घरून निघतांना मी पेन भरतों, निब पुसतों, तें खिशांत उभें लावतों. आणि कोणाचा कागद समोर आला कीं आधीं तो बाजूला सरकवतों, निब वर धरून टोपण काढतों, आपल्या कागदावर एक रेघ ओढून पाहतों, आणि मगच दुसऱ्याच्या कागदाला हात लावतों. तुम्हीही असेंच करावें, एवढेंच सांगणें आहे.