शंभराच्या नोटेवरचा चित्रकार

मीरा : काका, तुमच्या अल्बममधली ही नोट कुठली? हा कोण, राजा की पुढारी?

काका : दोन्ही नाही. बल्गेरियाचा चित्रकार, झहारी झोग्राफ. १९९१ ची शंभर लेव्हांची नोट आहे ही. झोग्राफ म्हणजे ग्रीकमध्ये चित्रकारच. आपल्याकडे धंद्यावरून आडनावं पडतात ना, तसं.

मीरा : म्हणजे घरचाच धंदा?

काका : हो. जन्म १८१० चा, समोकोव्ह गावचा. वडील आयकॉन रंगवायचे, थोरला भाऊ दिमितारही. हा भावाच्या हाताखाली तयार झाला.

मीरा : आयकॉन म्हणजे?

काका : ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांची पूजेतली चित्रं. लाकडी फळीवर खडू आणि सरस यांचे थर चढवायचे, घासून गुळगुळीत करायचे आणि वर अंड्याच्या बलकात खललेले रंग. संताची ठेवण, कपडे, सगळं परंपरेनं ठरलेलं. रंगवणारा बहुधा नावसुद्धा लिहीत नसे.

मीरा : आणि यांनी लिहिलं?

काका : नुसतं नाव? चर्चच्या भिंतीवर स्वतःचा चेहरा काढला! १८४० च्या सुमारास बाचकोवो मठात त्यांनी ‘अखेरचा न्याय’ रंगवला. त्यात पाप्यांच्या घोळक्यात प्लोव्हदिव्ह शहरातल्या श्रीमंत बायका, अगदी नटूनथटून!

मीरा : बाप रे! धाडसच म्हणायचं.

काका : तेव्हा बल्गेरियावर तुर्कांचं राज्य होतं. आपली भाषा, आपल्या शाळा हव्यात, अशी जाग लोकांत नुकती येत होती. अशा काळात भिंतीवर ओळखीची माणसं दिसायला लागली, हे काही थोडं नव्हे. १८३३ च्या आगीनंतर रिला मठ नव्यानं उभा राहिला, तिथंही यांनी भिंती रंगवल्या. आता नोट उलटी कर.

मीरा : हे चाक कसलं?

काका : जीवनचक्र. वेलिको तर्नोवोजवळच्या प्रेओब्राझेन्स्की मठाच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. ऋतू फिरतात, तसा माणूसही चढतो आणि उतरतो. ते रंगवल्यावर दोनेक वर्षांत, १८५३ मध्ये, झोग्राफ टायफसनं गेले. जेमतेम त्रेचाळिशीचे.

मीरा : या नोटेच्या किमतीचं पुढे काय झालं?

काका : चलन घसरत गेलं. १९९९ मध्ये जुन्या १००० लेव्हांचा एक नवा लेव्ह झाला. म्हणजे तेव्हा ही उरली नव्या लेव्हाच्या दहाव्या हिश्शाची.

मीरा : चाक नोटेलाही चुकलं नाही म्हणायचं!