स्वतंत्र ध्वनिमुद्रिका-प्रकाशक आणि कलाप्रकाराचा विस्तार

कलाप्रकार बहुशाखी होऊ लागला की त्याच्या प्रकाशकाचे कार्यही पालटते. इलेक्ट्रॉनिक संगीत हे याचे बोलके उदाहरण होय. शिकागोच्या ‘ट्रॅक्स रेकॉर्ड्‌स’ने १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी काढली, ती मुख्यतः नृत्यगृहांसाठी. शेफील्ड येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘वॉर्प’ने १९९२ च्या एका संकलनातून घरी बसून ऐकावयाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची शाखा पुढे आणली. येथे प्रकाशक संपादक झाला.

पुढील अवस्था मुंबईशी निगडित आहे. चरणजित सिंग यांची दहा रागांवरील तबकडी ग्रामोफोन कंपनीने १९८२ मध्ये काढली. ती फारशी खपली नाही. तिच्यात वापरलेले रोलँडचे टीबी-३०३ हे यंत्रच पुढे शिकागोच्या तबकडीतही वाजले. ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या डच संस्थेने २०१० मध्ये ती पुनर्प्रकाशित केली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’चे पूर्वरूप म्हणून ती गाजली. प्रकाशक आता वंशावळीचा कर्ता ठरला.

तथापि १९८२ मध्ये ते नाव अस्तित्वात नव्हते. होते ते राग आणि डिस्कोचा ठेका. पुनर्प्रकाशनाने कृती तरली. परंतु नव्या नावाखाली तिचा रागाधार झाकोळण्याचा संभवही निर्माण झाला. वाङ्मयेतिहासातही विस्मृत कृतीला नंतरच्या संप्रदायाची आद्य कृती ठरविताना हाच विवेक बाळगणे अगत्याचे आहे.