लशींच्या फ्रिजचे दार वर का?

आरोग्य केंद्रातील लशींचा फ्रिज पाहिलात? त्याचे दार पुढे नसते, वर असते. थंड हवा जड. पुढचे दार उघडले की ती बाहेर सांडते, वरचे उघडले तर तळाशीच राहते. शिवाय भिंतींना आतून बर्फाचे अस्तर असते. 1 ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता शोषतो. त्यामुळे दिवसात 8 तासच वीज मिळाली तरी आत 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमान टिकते.

पण अति थंडीही घातकच! त्रिगुणी लस गोठली की तिच्यातील ॲल्युमिनियमच्या क्षाराचे कण एकमेकांना चिकटतात. वितळल्यावर कुपी वरवर ठीक दिसते. हलवून ठेवली की साका मात्र भराभर खाली बसतो. अशी लस टोचूनही मूल असुरक्षितच राहू शकते, आणि ते कुणाला कळतही नाही. म्हणून तापमानाची नोंद रोज दोनदा, सुटीच्या दिवशीसुद्धा.